मालवाहू कंपनीची ऑफर: चौदा महिन्यांत कॅप्टन, पण नोकरी टिकेल का?

दुसरी खुर्ची

नमस्कार मंडळी,

अमेरिकेतल्या एका एसीएमआय (विमान आणि क्रू ग्राहकाला पुरवणाऱ्या) मालवाहू कंपनीची फर्स्ट ऑफिसर, म्हणजे सहवैमानिक, म्हणून ऑफर हातात आहे. नाव मुद्दाम लिहीत नाही. २२ बोइंग ७६७, पायलट साधारण २६०. त्या २२ पैकी १५ विमानं एकाच बड्या ग्राहकाचा माल उडवतात. सध्या अपग्रेड, म्हणजे कॅप्टनपदी बढती, चौदा महिन्यांत होतंय, असं मुलाखतीत सांगितलं.

आत्ता रीजनल जेटवर फर्स्ट ऑफिसर. एकूण २,६५० तास, त्यातले १,१५० पार्ट १२१ मधले, म्हणजे विमान कंपन्यांसाठीच्या नियमांखालचे. पीआयसी (विमानाचा प्रमुख वैमानिक) म्हणून टर्बाइन विमानावरचे तास शून्य. आहे तिथेच थांबलो तर कॅप्टन व्हायला अजून दीड वर्ष तरी जाईल.

तीन गोष्टी विचारायच्या आहेत. हे चौदा महिने कितपत धरून चालायचे? माल आटला तर पहिली कुऱ्हाड कोणावर? आणि अपग्रेडच्या ट्रेनिंगमध्ये गाडी अडली तर पुढे काय? मोठ्या कंपन्यांची वाट बघत बसा, हा सल्ला माहीत आहे, तो सोडून बोला.

लोडशीट

चौदा महिने खोटं नसेल. तो आकडा कशातून आलाय ते शोधा.

अपग्रेड लवकर मिळण्याची कारणं मोजून तीन. कंपनी विमानं वाढवतेय, वरचे लोक सोडून जातायत, किंवा वरच्या फर्स्ट ऑफिसरांना कॅप्टनची खुर्ची नकोच आहे. या तिसऱ्याकडे लोक काणाडोळा करतात. सीनियर फर्स्ट ऑफिसरला हवी ती लाइन (महिन्याचं उड्डाणांचं वेळापत्रक), हव्या त्या सुट्ट्या मिळतात. तोच माणूस कॅप्टन झाला की कॅप्टनांच्या यादीत तळाला जातो: रिझर्व्ह (बोलावलं की हजर), डिसेंबरचा सगळा पीक सीझन रस्त्यावर. म्हणून तो त्या खुर्चीसाठी बोली लावत नाही आणि खुर्ची खाली घरंगळत तुमच्यापर्यंत येते.

यातलं कुठलं कारण लागू आहे, ते कागदावर दिसतं. आजची सीनिऑरिटी लिस्ट आणि दोन वर्षांपूर्वीची लिस्ट मिळवा. कंपनीतला कुठलाही ओळखीचा पायलट देईल. जुन्या लिस्टमधली किती नावं आज नाहीत ते मोजा. त्यातले ६५ च्या, म्हणजे निवृत्तीच्या वयाच्या, जवळ आलेले वेगळे काढा, उरले ते सोडून गेलेले. मग सर्वांत ज्युनियर कॅप्टनचा क्रमांक बघा.

समजा तो क्रमांक २६० पैकी २२५ आहे. आता तुमच्या दुसऱ्या प्रश्नाचं गणित. २२ विमानांना २६० पायलट, म्हणजे एका विमानामागे जवळपास १२ जण, सहा क्रू. ग्राहकाने सहा विमानं काढून घेतली की सत्तर पायलट जास्तीचे. फर्लो, म्हणजे काम नाही म्हणून बिनपगारी घरी बसवणं, यादीच्या खालून वर जातो. १९० च्या खालचे सगळे बाहेर, आणि तो २२५ वा कॅप्टन त्यातच. त्याला फर्स्ट ऑफिसरच्या खुर्चीवर परत बसवायला खुर्चीच उरलेली नसते. कॅप्टनच्या चार पट्ट्या खांद्यावर घेऊन तो थेट घरी.

तुम्ही २६१ व्या क्रमांकावर शिरलात, चौदा महिन्यांत खाली चाळीस जण भरले आणि वरचे वीस गेले, तर तुम्ही २८१ पैकी २४१. सहा विमानं गेली की उरतात साधारण २१०. कॅप्टन असा की फर्स्ट ऑफिसर, उत्तर एकच.

म्हणून अपग्रेडच्या आधी मी दोन गोष्टी विचारीन. माल कोणाचा आणि विमान कोणाचं? एसीएमआयमध्ये विमान, क्रू, देखभाल आणि विमा तुमची कंपनी देते. सीएमआयमध्ये विमान ग्राहकाचं, तुमची कंपनी फक्त क्रू, देखभाल, विमा पुरवते. पहिल्यात ग्राहक गेला तर विमान तुमच्या दारात उरतं, ते दुसऱ्याला लावता येतं. दुसऱ्यात ग्राहक विमान घेऊनच जातो आणि दुसऱ्या दिवशी तेच विमान वेगळ्या कंपनीच्या क्रूसकट उडू शकतं. त्या १५ पैकी किती ग्राहकाच्या मालकीची आहेत ते काढा.

हे अंदाजाने बोलत नाही. नोव्हेंबर २००८ मध्ये डीएचएलने अमेरिकेतली देशांतर्गत सेवा गुंडाळत असल्याचं जाहीर केलं. ओहायोतल्या विल्मिंग्टनच्या हबवर (मालाच्या मुख्य केंद्रावर) त्यांचा माल उडवणाऱ्या एबीएक्स आणि ॲस्टार या दोन कंपन्यांच्या पायलटांच्या याद्या त्यानंतर खालून झडत गेल्या. विमानं, वैमानिक, देखभाल सगळं ठीक होतं. माल दुसऱ्याचा होता, एवढंच. बड्या कंपन्यांनाही हे चुकत नाही. अमेरिकी टपाल खात्याचं हवाई मालाचं मोठं कंत्राट २९ सप्टेंबर २०२४ ला फेडएक्सकडून संपलं आणि यूपीएसकडे गेलं. फरक इतकाच की त्यांच्याकडे बाकीचा माल स्वतःचा असतो.

तिसरी खुर्ची

लोडशीट यांनी बाजाराचं सांगितलं, मी ट्रेनिंगचं सांगतो. चौदा महिने कागदावर शक्य आहेत, वाटेत मात्र दोन-तीन ठिकाणी अडखळायला होतं.

कायद्याची अट तुम्ही आधीच पार केली आहे. पार्ट १२१ मध्ये पीआयसी म्हणून बसायला एटीपी (सर्वांत वरचा वैमानिक परवाना), त्या विमानाचं टाइप रेटिंग (त्याच प्रकारचं विमान उडवण्याची परवानगी) आणि १२१ मधले एसआयसीचे (सहवैमानिकाचे) १,००० तास लागतात. तुमचे १,१५० आहेत. पण कंपनीची स्वतःची अट वेगळी असते: एकूण तास, टाइपवरचे तास, कधी खुर्चीत काढलेले महिने. ती लेखी विचारा. मालवाहू विमानावर तास हळू साठतात. रात्री हबला जाऊन पहाटे परत, अशी लाइन असेल तर महिन्याला ३५-४० तास होतात. चौदा महिन्यांत पाचशेच्या आसपास. कंपनीला टाइपवर हजार हवे असतील तर चौदा महिने विसरा.

सुरुवातीचा खड्डा कन्सॉलिडेशनचा, म्हणजे नवं शिकलेलं पक्कं करण्याचा. नव्या टाइपची (विमानाच्या प्रकाराची) चेकराइड, म्हणजे परीक्षा, झाल्यापासून १२० दिवसांत लाइनवर १०० तास उडायचे असतात. सप्टेंबरमध्ये बाहेर पडणाऱ्या बॅचला हे सहज जमतं, कारण पुढे पीक सीझन. जानेवारीत बाहेर पडलेल्यांचे हाल. पीक संपलेला, निम्मा महिना रिझर्व्हवर फोनकडे बघत. मुदत १५० दिवसांपर्यंत वाढवता येते, पण मधे उजळणी किंवा तपासणीचं उड्डाण लागतं. बॅच निवडायची मुभा असेल तर सप्टेंबरच्या सुमारास लाइनवर आणणारी घ्या. जानेवारीत लाइनवर आणणारी बॅच मिळाली, तर ट्रेनिंग विभागाला आधीच विचारा की १०० तास कुठून देणार.

त्या पहिल्या शंभर तासांत सोबत चेक एअरमन (तपासणीचा अधिकार असलेला कॅप्टन) नसेल तर आडवा वारा १५ नॉट्सच्या वर असताना, दृश्यता पाऊण मैल किंवा कमी असताना, धावपट्टीवर पाणी-बर्फ असताना टेकऑफ-लँडिंग कॅप्टननेच करायचं असतं. हिवाळ्यात याचा अर्थ बरेचदा तुम्ही नुसते बघता.

लँडिंगचा दुष्काळ हा याहून मोठा विषय. ९० दिवसांत तीन टेकऑफ, तीन लँडिंग नसतील तर करन्सी (उडवण्याची चालू पात्रता) जाते आणि सिममध्ये (सिम्युलेटरमध्ये) बोलावतात. लांबच्या उड्डाणांवर तीन किंवा चार पायलट असतात आणि ज्युनियर माणूस बरेचदा रिलीफ म्हणून बंकमध्ये किंवा जंपसीटवर. लॉगबुकात ४०० तास आणि लँडिंग बोटांवर मोजण्याइतकी, असं होतं. अपग्रेडच्या सिममध्ये पहिल्याच दिवशी ते दिसतं: फ्लेअर (टेकण्याआधी नाक उचलणं) उशिरा, आडव्या वाऱ्यात रडर घाबरत. तुमच्या ७६७ वर छोट्या लेग्ज (उड्डाणाचे टप्पे) किती आणि महासागरी किती, हे विचाराच. अपग्रेड डोळ्यासमोर असेल तर छोट्या लेग्जची बोली लावा. पैसे थोडे कमी, हात मात्र चालू राहतो.

कॅप्टन झाल्यावरही पहिले १०० तास तुम्ही हाय मिनिमम्स कॅप्टन. उतरण्याची किमान उंची १०० फुटांनी आणि दृश्यता अर्ध्या मैलाने वाढवून धरायची. आधी दुसऱ्या टाइपवर १०० तास पीआयसी असतील तर लँडिंग मोजून हे निम्म्यापर्यंत कमी होतात. पहिल्यांदाच कॅप्टन होणाऱ्याला ती सवलत नाही. धुक्याच्या पहाटे हबवर सगळे उतरतात आणि तुम्ही अल्टरनेटला, म्हणजे पर्यायी विमानतळावर. डिस्पॅचरला (उड्डाणाची आखणी करणाऱ्याला) आधीच सांगून इंधन जास्तीचं घ्यायचं, त्यात लाजण्यासारखं काही नाही.

वाऱ्याविरुद्ध

लोडशीट यांचं गणित पटलं, निष्कर्ष पटला नाही. फर्लो झाला तरी ७६७ चं टाइप रेटिंग आणि टर्बाइन पीआयसीचे तास कोणी काढून घेत नाही. तीनशे तास पीआयसी असलेला फर्लो झालेला कॅप्टन आणि शून्य पीआयसीचा रीजनल फर्स्ट ऑफिसर, भरती सुरू झाल्यावर कोणाचा अर्ज वर जाईल?

आणि रीजनलची नोकरी तरी कुठे दगडावरची रेघ आहे! तिथेही माल, म्हणजे प्रवासी, दुसऱ्याचेच. कंत्राट बड्या कंपनीचं, विमानावरचा रंगसुद्धा तिचाच.

एक मान्य करतो. विमानाचा प्रकार बघून जा. फक्त म्हाताऱ्या होत चाललेल्या एकाच प्रकारच्या ताफ्यावर उभी असलेली कंपनी एका आदेशाने थांबते. ४ नोव्हेंबर २०२५ ला लुइव्हिलला यूपीएसचं एमडी-११ पडलं आणि काही दिवसांतच एफएएने (अमेरिकी हवाई नियामकाने) सगळी एमडी-११ जमिनीवर बसवली. ७६७ ला तशी भीती आज नाही. मालवाहू ७६७ चं उत्पादन २०२७ मध्ये थांबवणार असल्याचं बोइंगने जाहीर केलंय, पण प्रवासी विमानं मालवाहू करून घेण्याचं काम चालू आहे, त्यामुळे हे टाइप रेटिंग बरीच वर्षं कामाला येईल.

कलम वाचा

ऑफर लेटर तीन पानांचं असतं, करार तीनशे पानांचा. नोकरी टिकणार की नाही ते दुसऱ्यात लिहिलेलं असतं. पायलट संघटनेकडून कराराची प्रत मागा. नवीन माणसाला देत नाहीत असं सहसा होत नाही. सगळा वाचायची गरज नाही, पाच जागा वाचा.

स्कोप. कंपनीचं सगळं उड्डाण याच यादीतल्या पायलटांनी करायचं, असं लिहिलंय का, आणि ते होल्डिंग कंपनीवरही बंधनकारक आहे का? फक्त विमान कंपनीवर बंधन असेल तर मालक शेजारी दुसरी प्रमाणपत्रधारक विमान कंपनी विकत घेतो आणि वाढ तिकडे नेतो. तुमची यादी आहे तिथेच गोठते. कोणालाही काढलेलं नाही, फक्त अपग्रेड चौदा महिन्यांवरून सहा वर्षांवर.

फर्लो. 'फर्लो होणार नाही' अशी ओळ दिसली की तिच्या खालची अपवादांची यादी वाचा. युद्ध, संप, ताफा जमिनीवर येणं इथपर्यंत ठीक. 'मोठ्या ग्राहकाचं कंत्राट संपणं' हेही त्यात घुसवलं असेल तर वरच्या ओळीला काही किंमत राहिली नाही. नोटीस किती दिवसांची, रिकॉलचा (परत बोलावलं जाण्याचा) हक्क किती वर्षं, दोनदा बोलावल्यावर आला नाहीत तर क्रमांक जातो का, मधल्या काळात दुसरीकडे काम करता येतं का, हे सगळं इथेच. मोठ्या कपातीला कायद्याने ६० दिवसांची नोटीस लागते, करारात याहून कमी असेल तर समजा की कोणी नीट बसून लिहिलेलं नाही.

डिस्प्लेसमेंट. कॅप्टनची खुर्ची गेली तर कुठे जाता येतं आणि पगार किती काळ जुना राहतो.

ट्रेनिंग. तुमच्या तिसऱ्या प्रश्नाचं उत्तर इथे आहे. चांगल्या करारात अपग्रेड अडलं तर जास्तीची सिम सत्रं, दुसरा प्रशिक्षक, पुन्हा चेकराइड. तरी जमलं नाही तर जुन्या खुर्चीवर परत आणि ठरावीक महिन्यांनी पुन्हा बोली. वाईट करारात 'व्यवस्थापनाच्या निर्णयानुसार' एवढे दोनच शब्द. हे शब्द दिसले तर कंपनीच्या पायलटांना विचारा की गेल्या दोन वर्षांत अपग्रेडला अडलेल्यांचं काय झालं. नियम नाही तिथे वहिवाट हाच नियम. ट्रेनिंगचा बाँड (लवकर सोडलं तर खर्च भरण्याची अट) असेल तर तो वेळेनुसार घटतो का आणि फर्लो झाल्यावर माफ होतो का, तेही बघा. फर्लो करून वर बाँडची वसुली, असला मजकूर सही करण्याआधीच खोडून घ्यायचा असतो.

मर्जर, म्हणजे विलीनीकरण. मॅककॅस्किल-बाँड कायदा २००७ मध्ये झाल्यापासून दोन कंपन्यांच्या याद्या न्याय्य पद्धतीने एकत्र कराव्या लागतात, पटलं नाही तर लवादाकडे. २००१ मध्ये टीडब्ल्यूए ही विमान कंपनी अमेरिकन एअरलाइन्समध्ये गेली तेव्हा टीडब्ल्यूएचे बरेच पायलट यादीच्या तळाला चिकटवले गेले, त्यातून हा कायदा आला. पण कंपनी बुडाली आणि कोणी नुसती विमानं उचलली, तर जोडायला यादीच नसते.

करारावर 'मुदत संपली' दिसलं तर घाबरू नका. विमान कंपन्यांनाही लागू असलेल्या रेल्वे लेबर ॲक्टखाली करार संपत नाही, दुरुस्तीला खुला होतो. जुना पगार, जुने नियम तसेच चालू राहतात. त्या अवस्थेत चार-पाच वर्षं काढलेली कंपनी असेल तर मात्र लोक का सोडून जातायत आणि अपग्रेड चौदा महिन्यांवर का आलंय, याचं उत्तर तिथेच मिळेल.

दुसरी खुर्ची

आभार. थोडी माहिती मिळाली ती देतो. १५ पैकी ११ विमानं ग्राहकाचीच, म्हणजे सीएमआय. सर्वांत ज्युनियर कॅप्टन २३१ वा. दोन वर्षांत लिस्टमधून ५८ नावं गेली, निवृत्तीची त्यात फक्त ९. अपग्रेडला टाइपवर ५०० तास हवेत. फर्लोच्या अपवादांत ग्राहकाचं कंत्राट नाही.

अजून एक. इन्स्ट्रुमेंट रेटिंगची (फक्त उपकरणं बघून उडवण्याच्या परवानगीची) चेकराइड पहिल्यांदा नापास होती, आठ वर्षांपूर्वी. फॉर्मवर फक्त १२१ मधल्या ट्रेनिंगबद्दल विचारलंय. लिहायचं का?

लोडशीट

५८ पैकी ४९ जण नोकरी सोडून गेले. वर्षाला जवळपास २५, म्हणजे यादीचा दहावा हिस्सा. हे वाढीचं अपग्रेड नाही, गळतीचं आहे. दुसरीकडची भरती थांबली की गळती थांबते आणि तुमचे चौदा महिने त्याच दिवशी लांबतात. पण गळतीचा एक फायदा आहे. कपात छोटी असेल तर फर्लोची वेळ येत नाही, नैसर्गिक गळतीतच ती जिरते. दोन विमानं गेली, चोवीस जण जास्तीचे, तर वर्षभर भरती बंद ठेवून काम भागतं. सहा गेली तर नाही. आणि ११ विमानं एका सहीवर जाऊ शकतात, तेव्हा त्या कंत्राटाची संपण्याची तारीख आणि मुदतीआधी सोडण्याची अट हुडका. मूळ कंपनी शेअर बाजारात असेल तर वार्षिक अहवालात ग्राहकाच्या वाट्याचं प्रमाण छापलेलं असतं, 'जोखीम' या भागात.

कलम वाचा

चेकराइडबद्दल: फॉर्म जेवढं विचारतो तेवढं अचूक भरा. पण 'कधीही, कुठल्याही' असा प्रश्न तोंडी आला, आणि तो येतोच, तर पहिल्या वाक्यात सांगा. पायलट रेकॉर्ड्स डेटाबेसमध्ये एफएएकडच्या नापास चेकराइड दिसतात आणि तुमच्या संमतीने कंपनी ते उघडते. अर्ज पाठवण्याआधी स्वतःच्या खात्यात जाऊन तुमची नोंद एकदा वाचा. तारीख किंवा रेटिंग तुमच्या लॉगबुकशी जुळत नसेल तर दुरुस्ती आत्ताच मागा, मुलाखतीत नाही.

यावर कंपन्या इतक्या कडक का, त्यालाही कारण मालवाहू विमानच. २३ फेब्रुवारी २०१९ ला ॲटलस एअरचं ७६७, फ्लाइट ३५९१, टेक्ससमध्ये ट्रिनिटी बे इथे कोसळलं, तिघेही गेले. फर्स्ट ऑफिसरने आधीच्या कंपन्यांतली ट्रेनिंगमधली अपयशं लपवली होती, हे एनटीएसबीच्या (अपघात तपासणाऱ्या सरकारी संस्थेच्या) तपासात पुढे आलं, आणि हा डेटाबेस वेळेवर उभा न केल्याबद्दल एफएएवरही ठपका आला. आठ वर्षांपूर्वीची एक नापास चेकराइड कोणी मनावर घेत नाही. काय चुकलं, पुन्हा तयारी कशी केली, दोन वाक्यांत सांगा आणि थांबा. परीक्षकाला नावं ठेवू नका.

तिसरी खुर्ची

एक राहिलं. थकव्याचे जे नियम रीजनलमध्ये अंगवळणी पडलेत ते इथे धरू नका. पार्ट ११७ (ड्युटी आणि विश्रांतीचे नियम) जानेवारी २०१४ पासून प्रवासी कंपन्यांना बंधनकारक आहे, मालवाहू कंपन्यांना त्यातून वगळलंय. कंपनी जुन्याच मर्यादांवर चालत असेल तर ड्युटी किती वाजता सुरू झाली यावरून तिची लांबी कमी होत नाही, आणि तुमचं निम्मं काम रात्री दोनच्या पुढचं. करारात ड्युटीची मर्यादा, हबवर झोपायची खोली आणि फटीग कॉल (थकलोय म्हणून उड्डाण नाकारणं) केल्यावर पगार कापतात का, या तीन ओळी बघा.

आणि ५०० तासांची अट असेल तर तुमचे पहिले कन्सॉलिडेशनचे १०० धरून महिन्याला ३८ ने तेरा महिने लागतात, तेही बॅच संपून लाइनवर आल्यापासून. ट्रेनिंगचे तीन महिने वर. सोळा धरा.